सहावी खूण

तक्त्यावर अकरा चौकटी होत्या आणि अकराही चौकटींत बरोबरची खूण होती. प्रत्येक खूण रेवतीने स्वतःच्या हाताने केली होती. तरीही तिचे बाबा सकाळपासून दाबकक्षात पडून होते आणि कमरेखाली त्यांना आपले पाय जाणवत नव्हते.

सहाव्या चौकटीसमोर लिहिले होते, ‘सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.’ तिथेही खूण होती. पण बाबांना वर काढल्यावर सिलिंडर पाहिला, तेव्हा व्हॉल्व्ह जेमतेम अर्धा फेरा उघडलेला निघाला.

रेवती बारा वर्षांची होती. न केलेल्या कामापुढे खूण करणाऱ्यांपैकी ती नव्हती. शिवाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्याचे तिला लख्ख आठवत होते. ती थंडगार गोल मूठ, तिचे दोन-अडीच फेरे, शेवटी मूठ अडते तेव्हा मनगटाला बसणारा हलका झटका, हे सगळे डोळे मिटले की तिला दिसत होते. मग व्हॉल्व्ह अर्धा राहिला कसा?

मालवणच्या किनाऱ्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर, समुद्रात, ‘सागरमळा’ नावाचे तरंगते केंद्र होते. समुद्राचे पाणी तापल्याने तळाशी असलेली प्रवाळे (असंख्य चिमुकल्या सागरी प्राण्यांनी मिळून बांधलेल्या चुनखडीच्या वसाहती) मरून गेली होती. त्यांच्या जागी नवी प्रवाळे लावण्याचे काम इथे चाले. टाक्यांमध्ये वाढवलेले प्रवाळाचे तुकडे लोखंडी सांगाड्यांवर बांधायचे आणि पाणबुड्यांनी ते सांगाडे अठ्ठावीस मीटर खाली नेऊन खडकावर बसवायचे.

रेवतीचे बाबा, सुहास मोंडकर, इथले सर्वांत जुने पाणबुडे. नजमा सोलकर ही त्यांची जोडीदार. शाळेला सुट्टी लागली की रेवती केंद्रावर राहायला येई. दोन उन्हाळे शिकून झाल्यावर यंदा तिला उतरण्याआधीच्या तपासणीचा तक्ता मिळाला होता. सिलिंडर पाठीवर असतो, म्हणून उतरणाऱ्याला त्याचा व्हॉल्व्ह दिसत नाही. तो उघडायचा तपासणाऱ्याने.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता बाबा आणि नजमाताई पाण्यात उतरले. अर्धा तास सगळे सुरळीत चालले. सिलिंडर भरलेला असताना आतला दाब भरपूर असतो, त्यामुळे अर्ध्या उघडलेल्या व्हॉल्व्हमधूनही पुरेशी हवा येत राहिली. पण जसजसा सिलिंडर रिकामा होत गेला, तसतशी हवा कमी पडू लागली. बाबा जड सांगाडा उचलत होते आणि त्यांना मोठा श्वास हवा होता. तो आलाच नाही. नजमाताईने झेप घेऊन आपली जादा नळी त्यांच्या तोंडात दिली, तोवर ते वरच्या दिशेने सुटले होते. ती त्यांना धरून, जमेल तेवढे थोपवत वर आली. तरी वाटेत ज्या दोन ठिकाणी थांबायचे असते, तिथे थांबणे झाले नाही.

खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर येतात तसे बुडबुडे त्याच्या शरीरातच होतात. बाबांच्या पाठीच्या कण्यात असे बुडबुडे अडकले होते. त्यावर उपाय एकच, दाबकक्ष (पुन्हा खोल पाण्याइतका दाब देऊन तो कित्येक तास, गरज पडली तर काही दिवस, हळूहळू कमी करणारी बंद खोली). सुदैवाने तो केंद्रावरच होता.

दाबकक्षाला एक गोल काच होती. रेवती तिच्याबाहेर बसून राहिली. कोणी तिला रागावले नाही. ते तिला रागावण्यापेक्षाही जड गेले.

दुपारच्या बोटीने आई आली. मालवणला शाळेच्या सुट्टीतल्या जादा वर्गात शिकवता शिकवता ती तशीच निघाली होती, बोटांना अजून खडू लागलेला होता. तिने काचेतून आत पाहिले, मग रेवतीला जवळ ओढून घेतले. तिच्याबरोबर बोटीतून एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उतरले. डॉक्टर विश्राम परुळेकर. सगळे त्यांना तात्या म्हणत. ते मेंदूचे शास्त्रज्ञ होते आणि चाळीस वर्षे त्यांनी एकाच गोष्टीचा अभ्यास केला होता. चांगली, हुशार, मन लावून काम करणारी माणसे चुका कशा करतात? विमानात, दवाखान्यात, कारखान्यात जिथे अपघात होई तिथे तात्यांना बोलावत.

“तू रेवती ना?” ते तिच्याशेजारी जमिनीवरच बसले.

“मी पूर्ण उघडला होता,” रेवती एकदम म्हणाली. “मला आठवतंय. पण तो अर्धा होता. म्हणजे मी खोटं बोलतेय असंच सगळे म्हणणार.”

“मी नाही म्हणणार. तुला आठवतंय हेही खरं आणि तो अर्धा होता हेही खरं. दोन्ही खरं कसं, ते शोधायला मी आलोय. तुझी मदत लागेल. कठीण आहे, पण करशील?”

रेवतीने मान डोलावली.

केंद्रावर डुबक्या नावाचा यंत्रमानव होता. सांगाडे मोजणे, दोर सोडणे, बोटी बांधणे ही कामे तो करी आणि प्रत्येक तपासणीचे चित्रीकरणही ठेवी. तात्यांनी त्याला सकाळचे चित्रीकरण दाखवायला सांगितले. भिंतीवरच्या पडद्यावर रेवतीला रेवती दिसू लागली.

पडद्यावरच्या रेवतीने पाच खुणा केल्या. मग तिने बाबांच्या व्हॉल्व्हला हात घातला आणि मूठ अर्धा फेरा फिरवली. तेवढ्यात तिच्या मनगटावरचा साथी थरथरला. साथी म्हणजे बोलणारा पट्टा, निरोप सांगणारा आणि अभ्यास घेणारा. तिच्या वर्गाची सुट्टीतली प्रश्नमंजूषा चालू होती. तिने उत्तर दाबले. लगेच डुबक्याने विचारले, “रेवती, आज सांगाडे किती, बारा की चौदा?” ती म्हणाली, “चौदा.” साथी पुन्हा थरथरला, ती हसली आणि मैत्रिणीला दोन शब्द बोलली. मग तिने तक्ता उचलला, सहाव्या चौकटीत खूण केली आणि सातव्या चौकटीकडे वळली.

हे सगळे अवघ्या एकोणीस सेकंदांत झाले होते.

“पण मला तर आठवतंय…” रेवती पडद्याकडे पाहत म्हणाली.

“तू याआधी हा व्हॉल्व्ह किती वेळा उघडलास?”

“चाळीस वेळा तरी.”

“मग तुला आठवतोय तो झटका त्या चाळिसांतला एक आहे,” तात्या म्हणाले. “मेंदूला रिकामी जागा आवडत नाही. आजच्या सकाळचं चित्र त्याच्याकडे नव्हतं, कारण तेव्हा तुझं लक्ष तिथे नव्हतं. म्हणून त्याने जुन्यातलं एक चित्र काढून तिथे ठेवलं. तू खोटं बोलली नाहीस. तुझ्या आठवणीनेच तुला चकवलं.”

“पण मी नेहमीच तीन-चार कामं एकदम करते. बाई म्हणतात, रेवती किती चपळ आहे.”

“असं तुला वाटतं. आपण करून बघू. डुबक्या, वेळ मोज.” त्यांनी रेवतीला आधी ‘क’पासून ‘ञ’पर्यंतची दहा अक्षरे म्हणायला लावली आणि मग एकपासून दहापर्यंतचे आकडे. दोन्ही मिळून तिला आठ सेकंद लागले. “आता दोन्ही एकदम. क, एक, ख, दोन, असं.”

रेवतीने सुरुवात झोकात केली. ‘घ, चार’पर्यंत ठीक चालले. मग ती अडखळली, ‘च’ला सहा की सात ते आठवेना, एकदा मागे गेली आणि शेवटी पोहोचली तेव्हा सव्वीस सेकंद झाले होते. दोन आकडे चुकले होते ते निराळेच.

“तेच दहा, तेच दहा,” तात्या म्हणाले. “वेळ तिप्पट का लागला?”

रेवती विचारात पडली. “कारण… मला दर वेळी थांबून आठवावं लागत होतं की मी कुठे होते.”

“शाबास. मेंदू दोन विचारांची कामं एकदम करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि परत येतो. उड्या इतक्या भरभर असतात की आपल्याला वाटतं, दोन्ही सोबत चाललंय. आणि प्रत्येक उडीला वेळ लागतो. हातातलं काम चालू असेपर्यंत त्याच्या गोष्टी आपण कार्यकारी स्मृतीत ठेवतो (मेंदूची अगदी लहानशी, थोड्याच वेळापुरती टिकणारी स्मृती). तिच्यात तीन-चार गोष्टी मावतात, जास्त नाही. पाचवी आत आली की एखादी बाहेर पडते, आणि कुठली पडली ते आपल्याला कळतही नाही. तुझ्या हातून ‘मूठ अजून फिरवायची आहे’ ही गोष्ट पडली.”

“आणि मी परत आले तेव्हा?”

“तेव्हाही तू पुरती परत आली नव्हतीस. थोडी रेवती मैत्रिणीच्या निरोपात राहिली होती. आम्ही याला अवधानशेष म्हणतो (आधीच्या कामात अडकून राहिलेला लक्षाचा तुकडा).”

एव्हाना डुबक्या पडद्याजवळून पुढे आला होता. “मी त्या वेळी प्रश्न विचारला,” तो म्हणाला. “रेवतीचा हात व्हॉल्व्हवर आहे हे मला दिसत होतं. पण उत्तर मिळालं की माझं काम पुढे जातं, एवढंच मला शिकवलेलं आहे. उत्तर देणाऱ्याचं काम थांबतं, हे माझ्या हिशेबात नव्हतं.”

रेवतीने त्याच्याकडे पाहिले. “तू पण एकाच वेळी कितीतरी कामं करतोस. तू कसा चुकत नाहीस?”

“मी काम सोडण्यापूर्वी जागा लिहून ठेवतो. ‘दोर अकरा, गाठ तीन.’ परत आलो की ती ओळ वाचतो. मला आठवावं लागत नाही.”



तिसऱ्या दिवशी दाबकक्षातला दाब बराच उतरला आणि बाबांशी फोनवर बोलायची परवानगी मिळाली. काचेच्या पलीकडे बाबांनी कानाला फोन लावला. त्यांचे डोळे खोल गेले होते.

“काय गो, जेवलंस?” त्यांनी विचारले.

इतके साधे विचारल्याबरोबर रेवतीच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने ते पुसले नाही. “बाबा, मी व्हॉल्व्ह अर्धाच उघडला. मी बघितलं. मध्येच साथीवर बोलायला लागले, आणि न बघता खूण केली.”



“ठाऊक आहे मला,” बाबा म्हणाले. “इथे पडून दुसरं काय करतोय? तू खूण केलीस तेव्हा मी नजमाला सांगाड्यांचं काहीतरी सांगत होतो. पाठीमागे हात नेऊन व्हॉल्व्ह चाचपायचा, हे वीस वर्षं करतोय. त्या दिवशी नाही केलं. नजमानेही बघितलं नाही. तुझी चूक तुझी आहे, ती मी माझ्यावर घेणार नाही. पण माझी मी तुझ्यावर टाकणारही नाही.”

“तुमचे पाय?”

“उजवा हलतोय. डाव्याच्या बोटांना अजून काही कळत नाही.” ते थोडे हसले. “हळूहळू कळेल त्यांना. तू काय ठरवलंस?”

“मी तक्ता परत दिला. मला नको तो.”

“असं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. ते थकले होते.

त्या दुपारी रेवती तात्यांकडे गेली. ते वहीत काहीतरी लिहीत होते, म्हणून ती त्यांचे लिहून होईपर्यंत दाराशी उभी राहिली. “तात्या, मी तक्ता सोडला तर पुढच्या माणसाला पण कोणीतरी प्रश्न विचारणारच ना?”

“विचारणारच.”

“मग मी सोडून काही बदलत नाही.”

“नाही बदलत,” तात्यांनी वही मिटली. “बोल, काय बदलायचं?”

दोघांनी मिळून, नजमाताई आणि डुबक्याला सोबत घेऊन, चार दिवस खपून एक रीत बसवली. तपासणाऱ्याने डोक्यावर पिवळी टोपी घालायची. टोपी डोक्यावर असेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, डुबक्याने तर नाहीच. साथी मनगटावरून काढून दुसऱ्या खोलीत ठेवायचा. प्रत्येक गोष्ट करताना मोठ्याने म्हणायची आणि पाणबुड्याने मागे हात नेऊन ती पडताळायची. आणि एवढे करूनही कोणी मध्ये आलेच, तर अंदाजाने पुढे जायचे नाही, पहिल्या चौकटीपासून पुन्हा सुरू करायचे.

“दर वेळी पहिल्यापासून?” नजमाताईने विचारले.

“सगळ्या तपासणीला चार मिनिटं लागतात,” रेवती म्हणाली. “चारच.”

आता प्रश्न होता तो रेवतीच्या स्वतःच्या सवयीचा. नियम कागदावर लिहिता येतो, मन कागदावर बसवता येत नाही. तिने आपल्या अभ्यासावर प्रयोग सुरू केला. आई बाबांसाठी केंद्रावरच राहिली होती; तिच्या पेटीत साथी ठेवला, मेजावर एकच पुस्तक ठेवले आणि वाळूचे घड्याळ उलटे केले. पहिल्या दिवशी अकराव्या मिनिटाला तिचा हात आपोआप मनगटाकडे गेला. तिथे काही नव्हते, तरी गेला. दुसऱ्या दिवशी ती खिडकीतून बोटी मोजत बसली. तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला आली. “माझं लक्षच खराब आहे,” ती आईला म्हणाली.

“लक्ष पळालं हे तुला कधी कळलं?” आईने विचारले.

“आज बोटी मोजताना, सात झाल्यावर.”

“काल?”

“काल सतरा झाल्यावर.”

“वर्गात मी मुलांना तेवढंच शिकवू पाहते,” आई म्हणाली. “पळणार ते. लवकर कळलं की लवकर परत आणायचं.”

रेवतीने डुबक्याची युक्तीही उचलली. अभ्यासातून उठावे लागले, तर उठण्यापूर्वी ती वहीच्या कडेला एक ओळ लिही: ‘गणित चौथे, आता भागाकार करायचा.’ परत आल्यावर ती ओळ वाचली की डोके खाजवत बसावे लागत नसे. आणि पंचवीस मिनिटे झाली की ती उठून केंद्राच्या कठड्याच्या कडेने एक फेरी मारी, हातात काही न घेता. तात्यांनी सांगितले होते की मेंदूलाही दम खाऊ द्यावा लागतो, आणि पट्ट्यावर निरोप वाचणे म्हणजे दम खाणे नव्हे. पंधरा दिवसांनी तिच्या लक्षात आले की जो अभ्यास सगळी संध्याकाळ पुरून उरत असे, तो आता उन्हे उतरण्याआधी संपतो.

या मधल्या दिवसांत बाबा दाबकक्षातून बाहेर आले, तेव्हा काठी घेऊन चालत होते. डॉक्टरांनी सांगितले की निदान वर्षभर पाण्यात उतरायचे नाही, आणि त्यानंतरचेही आताच सांगता येणार नाही. हे ऐकताना बाबा समुद्राकडे पाहत होते. रेवतीने आपली मान खाली घातली नाही. तिला ती घालावीशी वाटत होती, पण तिने बाबांकडेच पाहिले.

जूनच्या पावसाआधी एकदाच समुद्रात उतरायचे राहिले होते. नजमाताईबरोबर आता एक नवा पाणबुडा होता. तक्ता कोणाकडे, असे कोणी विचारले नाही. नजमाताईने पिवळी टोपी रेवतीसमोर धरली.

रेवतीने टोपी घातली. नव्या पाणबुड्याची तपासणी आधी झाली, मग नजमाताईची सुरू झाली.

“एक. मुखवटा, पट्टा घट्ट.” नजमाताईने हात लावून पडताळले. “दोन. नळीतून श्वास, तीन वेळा.” असे करत ती चौथ्या चौकटीपर्यंत आली, तेव्हा केंद्राच्या पूर्वेला पाणी फुटले. डॉल्फिनांचा मोठा कळप उसळ्या मारत चालला होता. डेकवरच्या सगळ्यांनी एकच ओरडा केला. “रेवती, बघ बघ!” नव्या पाणबुड्याच्या तोंडून निघाले.

रेवतीचे डोळे तिकडे गेले. क्षणभरच, पण गेले. पाठीवर उन्हाची चमक घेतलेले तीन-चार डॉल्फिन तिला दिसले.

तिने पेन खाली ठेवले, जुना तक्ता काढून बाजूला सारला आणि कोरा लावला. “एक,” ती म्हणाली. “मुखवटा, पट्टा घट्ट.”

नजमाताईने पुन्हा मुखवट्याला हात लावला. या वेळी डेकवर कोणी बोलले नाही. डुबक्या दोराचे वेटोळे हातात धरून उभा होता, तोही हलला नाही. अकरावी खूण झाली तेव्हा डॉल्फिन दूर निघून गेले होते. दोघे पाणबुडे पाण्यात उतरले आणि रेवतीने टोपी काढली. केस घामाने चिकटले होते.

काठी टेकत बाबा तिच्याजवळ येऊन बसले. पलीकडे तात्याही होते. संध्याकाळच्या बोटीने ते परत जाणार होते.

“तात्या,” रेवतीने विचारले, “मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी डोळे गेले. ते कोणी नेले?”

तात्या मनापासून हसले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच हसत होते. “मेंदूत एक पहारेकरी असतो असं समज. अचानक हललेल्या गोष्टीकडे तो आधी डोळे वळवतो आणि मग विचारतो. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्याने वाघापासून वाचवलं. पण त्याच्यात आणि ठरवणाऱ्या मेंदूत नेमकं बोलणं कसं होतं, कधी कोण जिंकतं, ते अजून पुरतं कोणालाच ठाऊक नाही. मी चाळीस वर्षं शोधतोय.”

“मग ते कोण शोधणार?”

“आता ज्यांचं वय बारा आहे, त्यांच्यातलं कोणीतरी,” तात्या म्हणाले.

पाऊण तासाने नजमाताई वर आली. वाटेतल्या दोन्ही ठिकाणी ती ठरल्याप्रमाणे थांबून आली होती. शिडीवर बसून तिने मुखवटा काढला आणि सांगू लागली, की बाबांनी बसवलेल्या सांगाड्यांपैकी नऊ सांगाड्यांवरच्या प्रवाळांनी खडकाला पकड घेतली आहे, कडेने नवी फिकट जांभळी किनार दिसते आहे आणि एका फटीत बोटाएवढे मासे राहायला आले आहेत. बाबा पुढे वाकून एकेक प्रश्न विचारत होते. कोणता सांगाडा? किनार किती रुंद? पाणी कसं होतं?

रेवती गुडघ्यांना मिठी घालून बसली होती. तिने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकले.